शिंपल्यांचं ग्लेझ फसलंय: झिलई सरकते, वर आगळात रंग सोडते

कातळफूल:
नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज अडल्यावर आले.

दोन वर्षांपासून वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत भांडी करते. इलेक्ट्रिक भट्टी लहान आहे. बिस्क (झिलईआधीची पहिली भाजणी) ९५० अंशांना, ग्लेझ म्हणजे झिलई कोन ६ ला, म्हणजे साधारण १२२० अंशांना (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा शंकू). सामान उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याहून मागवते. या मे महिन्यात डोक्यात किडा शिरला की अंगणात जे आहे त्याचंच ग्लेझ करायचं. आमच्याकडे दर रविवारी तिसऱ्या (खाडीतले शिंपले) होतात, शिंपल्यांचा ढीग माडाच्या बुंध्याशी पडलेला असतो. भाताच्या तुसाची राख गिरणीवाल्याने फुकट दिली, वर घरी आणूनही टाकली.

माझी नेहमीची कृती: पोटॅश फेल्डस्पार ३०, बोरॅक्स फ्रिट (तयार काचेची पूड) २०, व्हायटिंग (कॅल्शियम कार्बोनेटची पूड) १५, क्वार्ट्झ (सिलिका) २५, चायना क्ले (पांढरी चिकणमाती) १०. वर ३ टक्के कॉपर कार्बोनेट. दीड वर्षात या हिरव्याने मला कधी दगा दिला नव्हता. मी बदललं ते एवढंच: व्हायटिंगच्या जागी शिंपल्यांची पूड आणि क्वार्ट्झच्या जागी तुसाची राख. वजनं तीच.

शिंपले बिस्कबरोबरच भट्टीत भाजून काढले. इतके भुसभुशीत झाले की हाताने चुरले. सगळं कालवलं, ८० मेशच्या (इंचाला ८० भोकं) चाळणीतून काढलं. अर्ध्या तासात बादलीत अळवाचं फतफतं! पाणी घातलं, पुन्हा घट्ट. असं तीनदा झालं. तरी वाडगे बुडवले. सुकताना झिलईला तळं आटल्यावर पडतात तशा भेगा पडल्या. भट्टी उघडली तर २२ पैकी १४ वाडग्यांवर झिलई गोळे होऊन बाजूला सरकलेली, मधे उघडी माती. उरलेले आठ दिसायला छान, पण चकचकीत हिरव्याऐवजी मंद, मऊ, शेवाळासारखे. मी म्हटलं, चला, काहीतरी नवीन हाती लागलं.

त्यातल्या एका वाडग्यात रात्रभर कोकमाचं आगळ (मीठ घातलेला आंबट रस) राहिलं. सकाळी पाहते तर आगळ काळपट जांभळं झालेलं, आणि वाडगा धुतल्यावर आगळ जिथवर होतं तिथवर आतला रंग फिकट. तेव्हापासून झोप नाही, कारण त्याच घाण्यातले दोन वाडगे मी बहिणीला देऊन बसले आहे.

(या भानगडीत बोटांची सालंही निघाली आहेत. भांड्यांचा साबण बदललाय, त्याचं असावं.)

गजालवाला:
गो बाय, तिसऱ्ये खाल्लंस ता बरा केलंस, पण शिंपले भट्टयेत? आमच्याकडे ते माडाच्या मुळात घालतत. बाकी तांत्रिक काय ता जाणकार सांगतले, मी हंयसर बसान वाचतंय.

सुरंगी:
सर्वात आधी बहिणीला फोन कर आणि ते वाडगे खाण्यातून काढायला सांग. चाव्या, नाणी ठेवायला चालतील.

आता सरकण्याबद्दल. माझ्याकडे असं होतं तेव्हा दहातले आठ वेळा दोष बिस्कवर असतो, धूळ नाहीतर तेलकट हात. तुझी पडवी स्वयंपाकघराला लागून असेल, तर मासे तळताना उडणारं तेल हवेतून कुठेही जाऊन बसतं. बिस्क ओल्या स्पंजने पुसून घेतलं होतंस का? दुसरं म्हणजे थर. सुकलेल्या झिलईत सुई टोचून पाहा. नखाच्या जाडीपेक्षा जास्त थर असेल तर ती सरकणारच.

भट्टीकर:
मला हवेचा संशय आहे. जूनमध्ये कोकणात बिस्क केलेलं भांडंही हवेतली ओल पिऊन बसतं. ते मुळात थोडं भरलेलं असेल तर झिलईतलं पाणी नीट ओढत नाही, थर वर बसून राहतो आणि मग सुटतो. पावसाळ्यात मी ग्लेझ लावण्याआधी भांडी भट्टीत ९० अंशांवर तासभर ठेवतो आणि कोमट झाली की बुडवतो.

दुसरा प्रश्न विजेचा. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज किती असतं? एलिमेंटची (भट्टीतल्या तापणाऱ्या तारेची) ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. २३० चे २०० झाले तर भट्टीला पाऊणच ताकद मिळते, निम्मं अंतर गेल्यावर ती नुसती कण्हत बसते. मीटरवर १२२० दिसलं म्हणजे कोन ६ झाला असं नाही. भट्टीत कोन ठेवला होता का? तो वाकला का? मंद झिलई म्हणजे कमी भाजली, असा माझा पहिला अंदाज.

कातळफूल:
सुरंगी, बहिणीला लगेच सांगितलं. ती म्हणाली एकात आधीच लिंबाचं लोणचं काढलंय, म्हणजे कपाळ! आता फेकलं.

बिस्क पुसलं होतं. थर मात्र जाड होता हे खरं, पाणी घालून घालून कंटाळले होते.

भट्टीकर, कोन ठेवला होता. सहाचा बरोबर वाकला, टोक खाली टेकलेलं. पाचचा आडवा, सातचा उभा. व्होल्टेज २१० होतं, भट्टी दोन तास जास्त चालली, पण पोचली.

भट्टीकर:
कोन वाकलाय म्हटल्यावर माझा अंदाज बाद. भट्टी निर्दोष.

रसायनी:
(नावावरून विचारतील म्हणून आधीच सांगतो, रसायनीला राहत नाही, रसायनशास्त्र शिकवतो. मातीचं काम मुलीमुळे कळतं.)

ताई, तीन प्रश्न. शिंपल्यांची पूड पाण्यात घातल्यावर बादली गरम झाली होती का? भाजल्यापासून वापरेपर्यंत किती दिवस गेले, आणि पूड बंद डब्यात होती की उघडी? आणि साबण बदलला तो ग्लेझ कालवण्याआधी की नंतर?

कातळफूल:
अरे देवा. हो, बादली कोमट झाली होती! मला वाटलं तुसाच्या राखेत कुठेतरी निखारा राहिलाय. म्हणून राख परत चाळली, निखारा काही मिळाला नाही.

पूड चार दिवस टोपलीत उघडी होती. साबण नंतर बदलला. बोटं आधी सोलली, म्हणूनच साबण बदलला, आता आठवलं.

रसायनी:
मग साबणाला सोडा. तुम्ही चुन्यात हात घालत होतात.

शिंपला म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट, व्हायटिंगच. तिथवर तुमचा विचार अगदी बरोबर होता. पण ९०० अंशांच्या आसपास त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरते ती चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. १०० ग्रॅम शिंपल्यांची ५६ ग्रॅम. बिस्कच्या ९५० अंशांत तुमचे शिंपले पुरते चुनकळी झाले, म्हणून हाताने चुरले गेले. चुनकळीला पाणी लागलं की ती तापते आणि विरते. विरलेला चुना इतका अल्कली असतो की त्याच्या पाण्याचा पीएच १२ च्या वर जातो. बोटांचं त्यामुळे झालं. आणि चुन्याचं कॅल्शियम पाण्यात उतरलं की चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बसतात, म्हणून बादलीत फतफतं. तुम्ही पाणी ओतलंत, ते थरात राहिलं, सुकताना थर जास्त आकसला, भेगा पडल्या. भट्टीत झिलई वितळते तेव्हा भेगेच्या दोन्ही कडा मागे ओढल्या जातात आणि तुम्हाला गोळे दिसतात.

आता दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. वजनं तीच ठेवलीत ना? १५ ग्रॅम व्हायटिंगमधून भट्टीत ८.४ ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड उरतं. १५ ग्रॅम चुनकळीतून १५. म्हणजे चुना पावणेदोन पट पडला. तोही अंदाजे, कारण चार दिवस जूनच्या हवेत उघडी पडलेली चुनकळी किती विरली आणि किती परत कार्बोनेट झाली हे देवालाच माहीत. टोपलीत नेमकं काय तोलत होतात ते कोणीच सांगू शकत नाही.

चुना फार झाला की झिलई थंड होताना त्यात बारीक स्फटिक वाढतात. तुमचा मंद शेवाळी पोत त्यातूनच आला. अशी झिलई आम्लात टिकत नाही. त्यात ३ टक्के तांबं, आणि आगळ म्हणजे आम्ल आणि मीठ एकाच बाटलीत. लोणच्यापेक्षाही वाईट परीक्षा. रंग फिकटला म्हणजे तांबं आगळात गेलं.

गजालवाला:
आता माका बोलूक मिळाला. आमच्या आज्याच्या वेळार चुनो असोच करीत! खाडयेच्या काठार शिंपल्यांचो थर, लाकडांचो थर, परत शिंपले, आणि रातभर पेटत ठेवीत. सकाळी पाणी मारला की ढीग फुसफुसता, वाफ येता, पोरांक लांब उभी करीत. जुन्या घरांच्या भिंती त्याच चुन्याच्यो. ह्या बायन पडवीत बसान तोच धंदो केल्यान आणि त्याका ग्लेझ म्हटल्यान.

सुरंगी:
हसून हसून वाट लागली. पण माझं धुळीचं निदान साफ चुकलं, मान्य.

तुसाच्या राखेबद्दल मात्र कोणी बोललं नाही. राख काळी होती की पांढरी?

कातळफूल:
करडी. हातात घेतली की कोळशासारखा डाग पडायचा.

सुरंगी:
म्हणजे तिथेही घोळ. नीट जळलेली तुसाची राख पांढरी असते आणि तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. करडीत कोळसा उरलेला. तू २५ तोललंस त्यातला बराच भाग भट्टीत जळून गेला. इकडे चुना वाढला, तिकडे सिलिका घटली. काच धरून ठेवणारी गोष्टच कमी पडली. शिवाय ही राख स्पंजासारखी पाणी पिते, म्हणजे फतफत्यात तिचाही हात असणार.

राख बिस्कच्या भट्टीत उघड्या, उथळ ताटलीत पातळ पसरून पुन्हा जाळ, पांढरी होईस्तोवर. मग दोनदा पाण्यात ढवळून, निवळ ओतून, उन्हात वाळव. ऊन मिळालं तर. हिशोबासाठी सांगते: १०० किलो भातातून साधारण २० किलो तूस आणि त्यातून चार किलो राख. तेव्हा तो गिरणीवाला देतोय तोवर घेऊन ठेव.

उंडगा:
क्वार्ट्झ इथलंच हवं असेल तर कासार्ड्याची सिलिका वाळू आहेच की, तुमच्याच जिल्ह्यातली.

भट्टीकर:
वाळू तशीच घातली तर झिलईत खडे राहतील. ती २०० मेशच्या खाली दळावी लागते, आणि घरी सिलिका दळणं म्हणजे फुफ्फुसं दळणं. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. दळलेली विकत घ्या. तुसाची राख कालवतानाही मास्क लावा आणि पूड ओली करूनच हाताळा.

उंडगा:
अवांतर: अलिबागजवळच्या चौल या जुन्या बंदराच्या उत्खननात इराणी आखातातून आलेल्या फिरोजी झिलईच्या भांड्यांचे तुकडे निघालेत, चिनी पोर्सिलीनही. तो फिरोजी तांब्याचाच ना? म्हणजे आपल्या किनाऱ्यावर तांब्याची झिलई हजार वर्षांपूर्वीच उतरली होती.

आणि दुसरं अवांतर, शिरोड्याचं मीठ भट्टीत टाकून सॉल्ट ग्लेझ करता येईल का? १९३० चा सत्याग्रह झाला ते शिरोडं. नुसत्या कल्पनेनेच अंगावर काटा येतो.

रसायनी:
हो, तांबंच. झिलईत सोडा-पोटॅश भरपूर असलं की तांबं फिरोजी दिसतं, शिसं असलं की गवतासारखं हिरवं. धातू तोच, सोबत बदलली की रंग बदलतो. म्हणून कातळफूल यांचा हिरवा शेवाळी झाला, त्यात जादू नाही.

भट्टीकर:
मिठाचं विसरा. इलेक्ट्रिक भट्टीत तर अजिबात नको. १२०० च्या वर मीठ टाकलं की सोडियमची वाफ भांड्याच्या सिलिकाशी जुळून काच होते, ते खरं. पण ती वाफ विटांना आणि एलिमेंटलाही सोडत नाही, आणि धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. लाकडाची किंवा गॅसची, फक्त मिठासाठी राखलेली भट्टी लागते, वस्तीपासून दूर. शेजाऱ्याचे माड करपले तर सत्याग्रह तुमच्या दारात होईल.

उंडगा:
माघार.

रसायनी:
कातळफूल, कृती दुरुस्त करायचे दोन रस्ते आहेत. एक, शिंपले पूर्ण भाजूच नका. स्वच्छ धुऊन, मांसाचा कण न ठेवता, ५०० अंशांपर्यंत न्या. शिंपल्याची घट्ट रचना तेवढ्यात मोडते, आतलं सेंद्रिय जळतं, पण कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो. मग कुटा आणि १५ ला १५ घाला. दोन, चुना पूर्ण विरवून, वाळवून वापरा. तेव्हा १५ च्या जागी ११ घ्यायचा. पण बादली घट्ट होण्याचा त्रास राहीलच. मी पहिल्या रस्त्याने जाईन.

आणि कृती सुधारली तरी तांबं आतून नको. बाहेरून हवं तेवढं हिरवं करा. आतून त्याच कृतीचं, पण तांब्याशिवायचं, चकचकीत झिलईचं अस्तर द्या. आत रंग हवाच असेल तर लोह वापरा. एक-दोन टक्क्यांत मधासारखी झाक येते, आठ-दहाला गडद तपकिरी.

कातळफूल:
लोहाचं ऐकून लगेच सड्यावर जाऊन लाल माती खरवडून आणावीशी वाटतेय. रेडीची लोहखनिजाची खाणही जवळच आहे.

भट्टीकर:
थांबा. सड्यावरच्या जांभ्या दगडात लोह असतं तसं ॲल्युमिनाही भरपूर असतं, आणि ॲल्युमिना वितळायला फार हट्टी. पाच टक्क्यांपासून सुरुवात करा, टाइलवर. वाडग्यांवर नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. तुम्ही एकाच दिवशी दोन बदलल्यात, म्हणून आम्ही सगळे इतका वेळ अंधारात चाचपडलो.

कातळफूल:
तीन आठवड्यांनी धागा वर काढते आहे. मधे भट्टीचा एक एलिमेंट गेला, मग दोन दिवस वीज गेली.

शिंपले तीनदा उकळले, दातांच्या ब्रशने घासले (घरच्यांनी मला वेड्यात काढलं). बिस्कबरोबर न ठेवता वेगळे ५०० ला नेऊन तासभर ठेवले. या वेळी बाहेर आले ते करडे, ठिसूळ, पण हाताने चुरणारे नाहीत. नखाने दाबलं की पापुद्रे निघायचे. उखळात कुटले, १०० मेशमधून काढले. पाण्यात टाकले आणि बादलीला हात लावून बसून राहिले. गार. दहा मिनिटांनीही गार.

राख पुन्हा जाळली, पांढरी झाली, वजनात जवळजवळ पाचवा हिस्सा घट. दोनदा धुतली. भट्टीकरांचं ऐकून चार टाइल केल्या: एकीवर जुनी कृती, दुसरीवर फक्त शिंपले, तिसरीवर फक्त राख, चौथीवर दोन्ही. घट्टपणा डोळ्याने न ठरवता मापपात्र तोललं. १०० मिलीचे १४५ ग्रॅम भरेपर्यंत पाणी घातलं. तीन अंक मोजून बुडवलं. चौथी टाइल सुकायला सर्वात जास्त वेळ लागला, पण भेग एकही नाही.

कोन ६, शेवटी १५ मिनिटं थांबा. दुसरी टाइल पहिलीपासून ओळखू येत नाही, म्हणजे शिंपले पास. तिसरी आणि चौथी किंचित दुधाळ, पण चकचकीत. चौथीवर टाचणीच्या टोकाएवढी पाच-सहा छिद्रं आहेत, ती अजून सुटलेली नाहीत.

मग तांब्याविना अस्तर दिलेल्या दोन वाट्यांत एकीत व्हिनेगर, एकीत आगळ, २४ तास. दोन्ही धुतल्यावर आतलं चकाकणं तसंच, नखाला कुठे खरखर नाही, आगळाचा लालही लालच. विकण्याआधी एक वाटी प्रयोगशाळेत पाठवणार आहे, नुसत्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा धडा मिळालाय.

रसायनी:
उत्तम. छिद्रं कार्बन डायऑक्साइडची असू शकतात, शिंपल्यातला वायू झिलई वितळत असताना बाहेर पडतो. किंवा राखेत कोळसा उरलाय अजून.

भट्टीकर:
शेवटचे १५ मिनिटं माथ्यावर, म्हणजे सर्वात वरच्या तापमानावर, थांबलात, आता माथ्यावरून ६० अंश खाली उतरून तिथे अर्धा तास थांबून पाहा. त्या तापमानाला झिलई अजून वाहती असते, नवे बुडबुडे मात्र येत नाहीत, जुनी भोकं भरतात. आणि बिस्क ९५० ऐवजी १००० ला करा, मातीतलाही वायू आधीच निघून जाईल.

गजालवाला:
आणि पयल्या खेपेच्या चुनकळयेचा काय झाला? टाकलंस?

कातळफूल:
न वापरलेली परडीभर उरली होती. शेजारच्या काकींनी मागून नेली, मडक्यात विरवून ठेवलीय. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावन रंगवायला. मला म्हणाल्या, "भांडी जमतली तेव्हा जमतली, चुनो मात्र बरो करतंस गो."

सुरंगी:
राखेत कोळसा असल्याची शंका असेल तर चिमूटभर राख बशीत घेऊन पुन्हा भट्टीत ठेव, आधी-नंतर वजन कर. घटलं तर कोळसा आहे. या खेपेच्या बिस्कमध्येच ठेवून टाक, वेगळी भट्टी लावू नकोस.

कातळफूल:
ठेवते. रविवारी बिस्क आहे.